एकतीस नंबरच्या टेबलाबद्दल

तावेत,
स्पर्धा संपून दोन तास झाले.
पोरं खुर्च्या एकात एक घालून भिंतीला लावतायत,
आणि मी तार्तूच्या या क्रीडागृहाच्या जिन्यावर
मांडीवर वही घेऊन बसलेय,
तुझ्याबद्दल लिहायला.

पहिलं वाक्य लिहिलं : छान काम केलंस.
खोडलं.
मलाही दिलं होतं कुणीतरी असंच वाक्य
रीगात, पंच म्हणून उभी राहिले त्या पहिल्या दिवशी.
घरी नेलं, उलटंपालटं करून पाहिलं,
कुठूनच उघडेना.

दुसरं लिहिलं : आत्मविश्वास कमी पडतो.
तेही खोडलं.
आत्मविश्वास काय डोळ्यांना दिसतो?
मला दिसले ते तुझे बूट,
बर्फाने टाचेशी पांढरे पडलेले.

म्हणून जे दिसलं तेवढंच लिहिते.

पाचवी फेरी. हात वर झाला
तेव्हा तू पार खिडकीशी होतास.
पळाला नाहीस, चालत आलास, हे बरं केलंस.
पळणारा पंच पाहिला की
अर्ध्या हॉलला वाटतं, कुठेतरी आग लागली.
हिरव्या टोपीतल्या मैमूबाईंनी
एक पान जास्त ओढलं होतं.
दोन पानं चिकटून आलेली, नवी कोरी,
लबाडी नव्हती त्यात.
तू त्यांच्या खुर्चीशी गुडघा टेकलास,
आवाज इतका खाली आणलास
की त्यांच्या हातांची थरथर थांबली.
हे मला जमायला नऊ वर्षं लागली.

पण इंद्रेक. समोरचा.
ज्याचं नुकसान झालं, तो.
त्याला सहा मिनिटं नुसती तुझी पाठ दिसत होती,
काळा शर्ट आणि इस्त्रीची एक घडी.
निर्णय बरोबर होता, नियम तुला तोंडपाठ आहेत,
पण त्याला तो शेजारच्या घरातलं भांडण
भिंतीतून ऐकावं तसा ऐकू आला.
पुढच्या वेळी टेबलाच्या कोपऱ्याशी बस.
कोपरा दोघांचाही असतो.

आणखी एक : ती सहा मिनिटं
तू वाढवून दिलीस तोंडाने,
चिठ्ठीवर लिहायची राहिलीस.
घंटा झाल्यावर दोघं पुन्हा हमरीतुमरीवर आले,
तेव्हा तू जेवायला गेला होतास.

इथे पेन थांबलं.

खरं सांगू? मी खांबाशी उभी होते.
मला सगळं दिसत होतं, ती पाठसुद्धा.
दहा पावलं आले असते, खांद्याला बोट लावून
तुला जरासा वळवला असता,
इंद्रेकची संध्याकाळ वाचली असती.
आले नाही.
का, तर लिहायला मुद्दा सापडला होता.
हे तुझ्या कागदात नको खरं तर,
पण तू पुढे कुणाचं तरी लिहिशील,
तेव्हा खांबाशी उभा राहशील,
म्हणून असू दे.

एवढ्यात तू खाली आलास, दोघांचे कोट घेऊन,
आणि चार घड्या घातलेला कागद पुढे केलास.
आमच्यात रीतच आहे तशी,
धाकट्यानेही थोरल्याचं लिहायचं.
बरेचजण त्यात गुळाचा खडा ठेवून मोकळे होतात.
तू तीनच ओळी लिहिल्यास.
दुसरी अशी :
"लेलो, समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत
तुम्ही मान हलवता. चौथ्या फेरीत दोनदा.
बारा नंबरचा मुलगा मग विचारायचं सोडूनच गेला."

मी वाचत होते
आणि अर्ध्या ओळीतच माझी मान हलू लागली होती.

थांबवली.
पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचलं.
मग विचारलं,
त्याला काय विचारायचं होतं रे?