तिसरा टक

बिल्ल्यावरचा फक्त पाच वाचता येतो.
त्याच्या आधीचा आकडा कुणाच्या तरी कुरणात
वीस हिवाळे पडून पडून गंजाने खाल्लाय.
पस्तीस की पासष्ट?
ब्लफच्या वाटेवरचा भंगारवाला शपथेवर सांगत होता, पस्तीस.
पण तो मडगार्डाच्याही शपथा घेतो.

बाबा सफरचंदाच्या खोक्यावर,
डावा पाय समोर ओंडक्यासारखा,
उंटावरून शेळ्या हाकतोय:
"रेविन, तळाच्या तबकाचे बोल्ट मोज."
मोजले. पुन्हा मोजले. दोन वेळा दोन आकडे आले.
तेव्हा काठी टेकत तो स्वतःच उठला,
त्या थंडगार धातूच्या पाठीवरून तळवा फिरवला,
गाभण मेंढी चाचपावी तसा.
केबल कुठून आत शिरते, दांडा कुठल्या कुशीला,
आणि म्हणाला, "पस्तीस. लबाडाने खरं सांगितलं."

हाच माणूस. ऑटोमॅटिक म्हणजे
ज्यांना चालवायचीच नसते त्यांची गाडी, असं म्हणणारा.
चव्वेचाळीस वर्षं ट्रायम्फच्या क्लचवर
ह्याच डाव्या पायाची हुकमत.
फेब्रुवारीत एका सकाळी तो पाय
टोस्टला लोणी लावता लावता झोपला
आणि पुरता जागा झालाच नाही.

आईने मागितली होती अशी गाडी.
चौऱ्याहत्तर साली शोरूममध्ये दोन उभ्या होत्या:
पांढरी, दोन पेडलांची. आणि ही.
"पैसे जास्त, मजा कमी," बाबा म्हणाला.
टे स्ट्रीटवर तिसऱ्या धड्याला ही तीनदा बंद पडली,
बाबा ओरडला, इथल्या सगळ्यांसारखा 'र' घोळवत,
आणि आई उतरून चालत घरी आली.
पुढे आयुष्यभर बस.
हे मला बाबाने नाही सांगितलं. तिनेही नाही.
मावशीने सांगितलं, कुणाच्या तरी मयताला.

जुना गिअरबॉक्स उतरवला. फ्लायव्हील काढलं.
क्रँकच्या टोकातलं पितळी बुश
मागे ग्रीस ठासून बाहेर आणलं,
ही युक्ती त्याचीच, मी बारा वर्षांची असतानाची.
मग कन्व्हर्टर, भरल्या घागरीसारखा जड.
"फिरव आणि ढकल. टक ऐकू येईल.
मग दुसरा. तिथे थांबू नकोस.
तिसरा ऐकल्याशिवाय बोल्ट आवळलेस
तर आतल्या आत पंपाचा चुरा होईल,
आणि बाहेरून सगळं बसल्यासारखंच दिसेल."

पहिला. दुसरा.
मग अर्धा तास काहीच नाही.
जूनची थंडी पत्र्यातून पाठीत शिरत होती.
आई दारात येऊन उभी, हातात भांडी पुसायचं फडकं.
"बसलं का?"
"नाही अजून," बाबा म्हणाला,
तिच्याकडे न बघता.
मी पुन्हा एकदा फिरवला, जोर न लावता, नुसता वजनाने.
टक.

शाफ्ट दोन बोटं लांब निघाला, कापून आणायला आठवडा गेला.
लाल तेल भरलं, सांडलं, पुन्हा भरलं.

रविवारी ओरेटीच्या ओल्या वाळूवर
आई स्टिअरिंगमागे बसली, एकोणऐंशीव्या वर्षी.
दांडा डी वर. ब्रेकवरून पाय उचलला
आणि गाडी न मागता चालू लागली.
"ओरडलास तर इथेच उतरवेन," ती म्हणाली.
तो ओरडला नाही.
मी मागच्या सीटवरून बघत होते:
पहिल्यातून दुसऱ्यात जायच्या नेमक्या वेळी
त्याचा डावा पाय रिकाम्या चटईवर दाबायचा,
जेमतेम, कागद दबेल इतका,
आणि क्षणभर उशिरा
गाडी आपली आपण बदलायची.