पाटी नव्हती

पाटी वाचायची राहिली, किंवा पाटी नव्हतीच.
एल्डन म्हणतो, नव्हती.
रस्ता संपला तो बंद पडलेल्या धान्यकोठारापाशी,
मोंटानात, पार वर, कॅनडाच्या कुंपणाजवळ.
चहूकडे गव्हाची धसकटं, नुसता वारा,
आणि डावीकडे अर्धंच वळून अवघडलेलं
आमचं मोटरहोम,
छत्तीस फूट, कपबशांसकट.

मागे जोडलेली छोटी लाल गाडी.
ती मागे असली की मागे जाता येत नाही.
विकणाऱ्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं:
रिव्हर्स टाकलात की टोबार वाकलाच म्हणून समजा.
पुढे कोठाराची भिंत.
म्हणजे सोडवायची, इथेच, अशीच, तिरकी.

एल्डननं साखळ्या काढल्या,
दिव्यांची वायर गुंडाळून खांद्यावर टाकली.
एक दांडा सुटला.
दुसऱ्याचा खटका हलेना.
त्यानं टाचेनं दाबला. मग रबरी हातोडा.
मग लोखंडी.
वाऱ्यानं प्रत्येक घाव उचलून
शेतापलीकडे नेऊन टाकला.

मायनॉटपासून आम्ही बोललो नव्हतो.
मी म्हटलं होतं, पुढच्या वर्षी नको.
एवढंच.
त्यानं रेडिओ लावला होता,
स्टेशन गेल्यावरही खरखर चालूच ठेवली होती.

सॉल्व्हेग चारचाकी मोटरसायकलवरून आली,
तिचं नाव शर्टाच्या खिशावर शिवलेलं,
शर्ट कुठल्याशा खतकंपनीचा.
खाली उतरली नाही. थोडा वेळ बघत राहिली.
"उन्हाळ्यात असे तीन-चार येतात," म्हणाली.
"मारून नाही सुटायचं ते.
खटक्यानं काय केलंय? गाडीचं सगळं वजन
त्याच्यावर लटकलंय. आधी ते उतरवा."
मग माझ्याकडे वळून:
"तुम्हाला चालवता येते ना?"

बेचाळीस वर्षं येते.
मी लाल गाडीत बसले, इंजिन चालू केलं.
आत ऊन कोंडलेलं, सीटवर कालचा पेपर,
आरशाला टांगलेली देवदाराची चकती, वास केव्हाच गेलेला.
"आधी ते बाजूला होऊ देत," सॉल्व्हेग ओरडली,
"दांडा उसळला तर नडगी फोडतो!"
एल्डन बाजूला झाला.
हातोडा हातातच. मुठीवर रक्त, त्याला ते माहीत नव्हतं.

स्टिअरिंग थोडं डावीकडे. काही नाही.
थोडं उजवीकडे.
ब्रेकवरून पाय सोडला, अगदी पाव,
म्हशीला गोठ्यातून हलवावं तशी गाडी
खडीवर बोटभर पुढे सरकली.
"बस!"
हँडब्रेक.
सॉल्व्हेग एकदाची उतरली
आणि एका बोटानं खटका उचलला.

आवाज इतका छोटा
की मी तो ऐकला नाही,
फक्त गाडी एकदम हलकी झालेली
बुडाखाली जाणवली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
सॉल्व्हेगनं कॅम्पचा रस्ता सांगितला, अकरा मैल,
पाण्याच्या टाकीपाशी उजवीकडे,
आणि कोठारामागे दिसेनाशी झाली.
एल्डननं दांडे दुमडून उभे बांधले.
ज्यावर हातोडा बसला होता तिथे
रंग उडून लोखंड चकचकत होतं.
"वंगण घालायला हवं," तो म्हणाला.
मायनॉटनंतरचं पहिलं वाक्य.
मी त्याला रुमाल दिला, मुठीकडे बोट दाखवलं.

आता पुढे मी.
दोन वर्षं मी त्याच्या शेजारी बसून
मागच्या कॅमेऱ्यात ही गाडी बघत आले,
रिकामी, चाकं आपोआप वळणारी.
आज आरशात तो:
एवढा मोठा डबा, त्यात एवढासा माणूस,
टोपी कपाळावर ओढलेला.

सरळ रस्ता. साठ सहज गाठता येतील.
टाकी दिसली, तेव्हा उजवा दिवा
मी जरा आधीच लावला,
आणि वेग कमी केला,
तो दिसेल इतका.

पुढच्या वर्षाचं कॅम्पवर बोलू.
आधी ती मूठ धुवायला हवी.