पेन्सिलीतली नावं

स्टाफरूमच्या भिंतीवर टाइमटेबल आहे.
कायमवाल्यांची नावं निळ्या शाईत,
आमची पेन्सिलीनं.
दर मार्चला कल्लाप्पा शिपाई खोडरबर घेऊन येतो
आणि कानकोंडा होऊन म्हणतो, "मॅडम, जरा सरकता काय?"
अकरा वर्षं एकाच चौकोनात लिहून-खोडून
माझ्या नावाखालचा कागद इतका झिजलाय
की मागची भिंत दिसते.

खानापूरच्या या कॉलेजात माझं पद, अतिथी उपन्यासक.
पुण्याच्या मावसभावाला वाटलं, मी कादंबऱ्या लिहिते.
अतिथी म्हणजे स्वतःचा डबा आणणारी,
स्वतःचा खडू आणणारी,
तासावर मोजून घेतलेली.
गणपतीत तास नाही, म्हणून पैसा नाही.
परीक्षेत नाही. बंद असला की नाही,
आणि बंद तर आमच्याकडं दोन्ही बाजूंनी येतो.

डिसेंबरात अधिवेशन आलं, तसे आम्हीही आलो
हलग्याच्या माळावर. ताडपत्री, सतरंजी,
हायवेवरून रात्रभर उसाचे ट्रक.
चिकोडीचा रुद्रगौडा, इतिहास.
अथणीची शमशाद नदाफ, कॉमर्स.
आणि आमच्याच कॉलेजची शिवलीला, कन्नड.
सहा वर्षं ती आणि मी एका बाकावर बसतो.
दुकानांच्या पाट्यांवरून गाव पेटलं त्या आठवड्यात
आम्ही एकमेकींना फक्त "चहा?" एवढंच विचारत होतो.

दुसऱ्या रात्री मागणीपत्र दोन्ही भाषांत करायचं ठरलं.
तिनं वाचायचं, मी उतरवायचं.
मी शब्दकोश आणला होता. पिशवीतून काढलाच नाही.
ती म्हणाली, पगारा. मी लिहिलं, पगार.
करारु. करार.
बाकी. बाकी.
हक्कु, अर्जी, सही...
"खायं," ती म्हणाली,
आणि "कायम" लिहिताना मी शोधत बसले
तो ख नेमका कुठल्या नाक्यावर अडला.
रुद्रगौडा कांबळ्यातून हसला,
"कायम व्हायचं तर काहीतरी सोडावं लागतंच की ओ!"

अकराव्या कलमाशी ती थांबली.
बाणंतन, म्हणाली.
मला शब्द येत होता. एका अक्षराचा तर फरक.
पण पेन पुढं सरकेना.

दोन वर्षांमागं तिला सातवा लागला, तेव्हा प्राचार्य म्हणाले,
"तुम्ही आता विश्रांती घ्या."
तिच्याकडचा पर्यावरणाचा पेपर, आठवड्याला चार तास,
मला दिला. मी नाही म्हणाले नाही.
लेकरू तीन महिन्यांचं करून ती परत आली
तेव्हा टाइमटेबलात तिच्या चौकोनात नुसता खोडल्याचा डाग.
पुढचं अख्खं सत्र ती आठवड्याला दोन तासांवर होती.
त्या वर्षी आमच्या घरात मिक्सर आला.

"लिही ना," ती म्हणाली.
मग माझ्या हाताकडं बघून,
"पेन्सिल नको. शाईनं लिही."

बाळंतपणाची रजा, पगारी.
ळ जरा वाकडा आला.

तिसऱ्या दिवशी आतून उत्तर आलं. एकच शब्द,
मालगाडीसारखा,
परिशीलिसलागुवुदु.
शमशादनं विचारलं, "मराठीत काय म्हणायचं ह्याला?"
"विचार करण्यात येईल."
शिवलीला बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली,
"म्हणजे तुमच्याकडंही
विचार करणारा माणूस वाक्यात नसतोच."

आज पाचवा दिवस.
शेजारच्या मांडवातल्या अंगणवाडीच्या बाया काल उठून गेल्या,
त्यांचे बांबू आम्ही मागून घेतले.
दुपारी शिवलीला डबा उघडते.
शेंगाची चटणी, घरच्या खलात कुटलेली,
दाणा अजून दाताखाली येतो.
माझ्या भाकरीवर मोठा चमचा वाढते
आणि सहज बोलल्यासारखी म्हणते,
"उद्या तू आण.
तुझ्याकडं मिक्सर आहे की."