नावेवरचं नाव

ताल्काउआनोच्या सुक्या गोदीत
ठोकळ्यांवर चढवलंय राखाडी टगजहाज.
एर्मेलिंदा वेंचुलाफ
दोरांच्या पाळण्यात बसून
त्याच्या गालावर नाव रंगवते आहे.
नऊ अक्षरं. प्रत्येक तिच्या मांडीएवढं उंच.
खालून मुकादम ओरडतो,
शेवटचं ओ गोल पाहिजे, अंडं नको!

गाल्वारिनो.
शाळेत दोन ओळींत उरकला होता.
पुरता सांगितला तो बापानं,
जेवताना, अर्धी भाकरी हातात तशीच धरून:
स्पॅनिशांनी त्याचा उजवा हात ओंडक्यावर ठेवला.
डावा त्यानं आपण होऊन ठेवला.
मग मान ठेवली.
मान त्यांनी घेतली नाही,
त्यांना चालता-बोलता निरोप हवा होता.
तो परत आला
थोट्या मनगटांना पाती बांधून.

मग चारशे-पाचशे वर्षांनी
नौदलाला नावं कमी पडली असावीत.
एकदा नाव ठेवलं
की नावं ठेवायला कोण उरतं?

काम मात्र चांगलं आहे या जहाजाचं.
रुतलेल्याला ओढून काढायचं, बस.
कोळी धक्क्यावर सांगत असतात,
मे महिन्यात इंजिन बंद पडलं,
वारा खडकांकडे नेत होता,
गाल्वारिनोनं हात दिला म्हणून वाचलो.
अगदी सहज म्हणतात.
एर्मेलिंदाच्या घशात कॉफी अडकते.

तिचा भाऊ आन्सेल्मो
चौदा महिने आंगोलच्या तुरुंगात आहे.
पाइनचे ओंडके नेणारा ट्रक अडवला होता,
आजोबांच्या कुरणातून निघालेला.
फायलीत त्याचं आडनाव चुकलंय,
एक अक्षर गाळलंय.
तीन अर्ज झाले.
सरकारला आमचं एकच नाव बिनचूक लिहिता येतं
आणि तेही माझ्या हातून,
असं ती कुणाला म्हणत नाही.
ब्रश बुडवते. ओ गोल करते.

संध्याकाळी टर्पेंटाइननं खसखसून धुतलं
तरी नखांत पांढरा राहिलाच.

रविवारी आंगोलच्या फाटकाशी
पहारेकरी, कोवळा पोरगा, मिशी नुकती फुटलेली,
पिशवी उलटी करतो, सफरचंदं मोजतो,
आणि म्हणतो, हात दाखव.

ती उजवा पुढे करते.
तो बघतो. मान हलवतो.
पुरे, म्हणतो.

ती डावाही ठेवते.