उडती सुसर

सर्जेकोटला, बर्फाच्या कारखान्यामागे
न्हानू कुबलाच्या जुन्या होडीचं शीड
दोन माडांच्या मध्ये ताणून बांधलेलं.
सिनेमावाला मालवणाहून टेम्पो घेऊन आला,
रिळांच्या डब्यांवर गोणपाट.
तिकीट एक रुपया, नाहीतर पाच बांगडे.

शिडाला मधोमध ठिगळ होतं, पाटाएवढं,
म्हणून त्या रात्री जो कोणी मध्ये उभा राहिला,
राजा, चेटकीण, बोलणारं झाड,
त्याच्या पोटावर टाके दिसायचे.

सिनेमा इंग्रजी.
न्हानू बोटीवर दोन वर्षं कांदे सोलून आलेला,
म्हणून सांगायचं काम त्याच्याकडे.
तो डिझेलच्या ड्रमवर बसला,
विडी कानामागे खोचली.
"ही उडती सुसर. हिच्या पोटात आग आसा.
पण तिका ती नको झाली हा."

सुसर ओरडली.
खारा वारा मागून आला,
सगळं शीड फुगलं तिच्या छातीसारखं.
"इच्यारता, माझी आवस खंय गेली?"

आम्ही पोरं चिडीचूप.
मग लोखंडी कपड्यांतला एक माणूस घोड्यावरून आला.
"ह्यो कस्टमचो सायब," न्हानू म्हणाला,
तेव्हा मागच्या रांगेतले काहीजण
जरा जपूनच हसले.
सायबाने तलवार उपसली.
"म्हणता, परवानो दाखय."

शेवटी सुसर पडली.
न्हानू थांबला.
नुसती मशीनची खरखर,
आणि माडांपलीकडे पाणी.
"मराक नाय ती. सुकती हा.
भरतीक उठतली."

दुसऱ्या दिवशी भरतीला
आम्ही सातजण खाडीच्या तोंडाशी.
दोन गादे वर आले, काळे, ओले, आणि बुडाले.
चंदी म्हणाली, ते तिचे खांदे.
कोणी वाद घातला नाही.

आता पतपेढीत तेवीस वर्षं.
हप्ता, व्याज, जामीनदार.
ड्रॉवरमध्ये एक जाडजूड पुस्तक असतंच,
सुरुवातीला नकाशा असलेलं,
नसलेल्या देशाचा.
मी आधी त्यात बंदर शोधते.
हजार पानांचं राज्य, सात राजघराणी,
पण तिथे मासे कोण खारवतं
हे कुणी लिहीत नाही.
मॅनेजर म्हणतात, मॅडम, या वयात राक्षसबिक्षस?
मी म्हणते, कर्जाचे अर्जही वाचतेच की.

न्हानूला एकदा विचारलं होतं,
त्याची नजर गेल्यावर,
नुसत्या बोटांनी जाळं विणत बसला होता तेव्हा.
काका, ती खरंच तसं बोलली होती?
त्याने सुई थांबवली नाही.
"तू होतंस मा थंय? मगे?"

गेल्या थंडीत भाच्याने, वेदांगने,
तो सिनेमा शोधून काढला.
टीव्हीवर, लख्ख, खाली अक्षरं.
सुसर काहीच विचारत नाही.
ती बोलतच नाही.
ओरडते, तेव्हा खाली लिहून येतं: गर्जना.
सायब म्हणतो, मर.
ती मरते, लोक तिच्याभोवती नाचतात,
आणि तिच्या पोटावर
एकही टाका नाही.

"आत्या, इफेक्ट्स किती फालतू,"
वेदांग मोबाईलमध्ये डोकं घालून.

मी सिनेमा मागे नेला.
अक्षरं बंद केली. आवाज बंद केला.
उठून खिडकी उघडली,
पडदा आत आला फुगून,
सुकत घातलेल्या सुंगटांचा वास घेऊन.
विडी नव्हती, म्हणून पेन कानामागे खोचलं.

सुसरीने तोंड उघडलं.
"इच्यारता," मी म्हटलं,
आणि थोडी थांबले, तो थांबायचा तेवढी.

वेदांगने मोबाईल खाली ठेवला नाही.
पण अंगठा थांबला होता.