लाइट गेली तेव्हा

किती तास, सर?
तू विचारलंस तेव्हा कूलर बोंबलत होता.
मला वाटलं पाणी मागितलंस,
मी माठाकडे बोट दाखवलं.

आता लाइट गेली. पाचपावलीत मे महिन्यात
दुपारी तीनला जाते तशी, न सांगता.
पंख्याची घरघर थांबली,
खसाच्या जाळीतून थेंब टपकून राहिले
तेवढेच.
आता वाजव, उन्नती.

ऐकलंस?
‘तिरकिट’मधला शेवटचा ‘ट’ कुठं गेला?
महिनाभर कूलरनं झाकून ठेवला होता.
चांगला आहे बिचारा, सगळ्यांचंच झाकतो,
माझंही झाकलं त्यानं बरीच वर्षं.

तास मोजू नको, पोरी.
तास काय, एसटी स्टँडवर बसूनही मोजतात लोक.
चार तास चुकीचं वाजवशील
तर चुकीचंच पक्कं होईल.
बोटांना बरं-वाईट कळत नाही,
जे दिलं ते गिळतात.

माझे गुरुजी केशोराव पराते. दिवसा माग, रात्री तबला.
शिकवणी अशी नव्हतीच,
धोटा इकडून तिकडे जायचा
आणि मी भिंतीला टेकून बोल म्हणायचो.
अठ्ठ्याऐंशी साल असेल, रेशीमबागेत स्पर्धा होती.
मी कायदा असा सोडला
की पेटीवर चिंतामण होता,
त्याला लेहरा काखेत मारून
माझ्यामागं पळावं लागलं.
शेवटी मी समेवर पोचलो
तेव्हा सम तिथं नव्हती.
लोकांनी टाळ्या वाजवल्या.
हे जास्त वाईट.

येताना सायकलच्या कॅरिअरवर मी, मांडीवर डग्गा.
गांधीबाग येईपर्यंत गुरुजी एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, बस इथं, मागाजवळ.
बसलो. तासाभरानं ताण्यातला एक धागा तुटला.
त्यांनी माग थांबवला, दोन्ही टोकं शोधली,
थुंकी लावून पिळली, गाठ मारली,
आणि पुढं विणू लागले.
लुगडं काही पदरापासून पुन्हा विणलं नाही.
‘काहून बे, समजलं का?’
हो म्हणालो.
घरी जाऊन कायदा पहिल्यापासूनच वाजवला,
आणखी तीन वर्षं.

म्हणून तुला सांगतो, पहिल्यापासून वाजवू नको.
पहिलं तुला येतं, म्हणून ते गोड लागतं.
तिसऱ्या पलट्यात जिथं तुझं मधलं बोट
चाटीवरून घसरतं, तिथं बस.
एवढ्याशा जागेत बस.
इतकं हळू वाजव की शेजारच्या बाईंना वाटावं
ही पोरगी विसरली.

मोबाइलमध्ये भरून ठेव, पण लगेच ऐकू नको.
झोपून उठ, मग ऐक, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं.
लाज वाटली तर बरं.
रडू आलं तर त्या दिवशी पुरे.

आणि तबला गवसणीत कोंडू नको,
येता-जाता दिसू दे.
खिडकीजवळ मात्र नको. या कोरड्या हवेत
पुडी अशी ताणते, की सकाळी काळी एकला लावलेला
दुपारी आपला आपण वर चढतो.
त्यालाही घाई असते.
त्याला हातोडीनं समजावता येतं, हलक्या हातानं.
तुला मी समजावतो.
फी काय उगाच घेतो?

अरे, आली लाइट. झाली घरघर सुरू.
बंद कर ते बटण.
येऊ दे घाम, सत्तेचाळीस असो नाहीतर पन्नास,
दहा मिनिटांत कुणी मरत नाही.
माठातलं पाणी पी, मग तेवढंच, एकच तिरकिट,
तो ‘ट’ सापडेपर्यंत.

किती तास, किती तास!
परवा पहाटे मला माझा सापडला होता.
चहा घेऊन परत बसलो,
तर नव्हता.