नदीकडचं फाटक

फेब्रुवारीची पाच तारीख. सकाळी आठलाच
दौतीतल्या शाईने तळाला खपली धरलेली.
मी थोडं पाणी घातलं आणि लिहिलं:
वारा उत्तरेचा. मेंढ्या सहा हजार दोनशे. गुरं तीनशे चाळीस.
पान फिकट आहे ते त्या पाण्यामुळे,
रडण्याबिडण्यामुळे नव्हे.

दुपारी तीनला कोंबड्या झोपायला गेल्या.
टेकडीमागे घरघर सुरू झाली, थोरल्या रेनिकबाई म्हणाल्या, आगगाडी.
रूळ आमच्यापासून साठ मैलांवर.

निलगिरीची पेटती साल वाऱ्यावर उडून
दोन-दोन मैल पुढे पडायची.
मागून येतेय म्हणून पळावं,
तर ही आधीच पुढे जाऊन उभी.

आम्ही तळ्यात बसलो, डोक्यावर ओली घोंगडी.
स्वयंपाकीण भिंतीवरचं घड्याळ कवटाळून,
पलीकडे एक कांगारू, काठाशी एक काळा साप.
कुणी कुणाला हटकलं नाही.
पाणी कोमट झालं, मग नको इतकं गरम,
आणि घड्याळाने त्यातच पाचचे ठोके दिले.

संध्याकाळी वारा दक्षिणेला फिरला. गार.

दुसऱ्या दिवशी डंकन क्विल बंदूक घेऊन निघाला,
ज्या मेंढ्या उभ्या होत्या त्यांच्यासाठी.
खूर गळालेले, लोकर डांबरासारखी चिकटलेली,
तरी माणूस दिसला की ओरडायच्या,
चारा आणला असेल म्हणून.
काडतुसं चारशे बारा. मीच मोजून दिली.
त्यानंतर कुऱ्हाड.
खतावणीत कुऱ्हाडीला रकाना नाही.

आणि एल्फी पेल, आणि त्याचा धाकटा टोबायस.
सोळा आणि बारा.
त्यांना कळप नदीच्या वाळूत न्यायला पाठवलं होतं.
नदीकडच्या फाटकाला साखळी होती, साखळीवर तार,
तारेचे पाच वेढे, टोक आत मुरडलेलं.
शेजाऱ्याचा मेंढा घुसतो म्हणून गेल्या हिवाळ्यात
मीच बांधलेली, पकडीने, नीट.
अर्धवट काम मला जमत नाही.

तीन वेढे सुटले होते.

चौकशीला तालुक्याहून साहेब आले. वही चाळली,
म्हणाले, अक्षर छान आहे तुमचं.
फाटकाचं त्यांनी विचारलं नाही,
आणि मी विचारलेल्याचीच उत्तरं दिली.
पोरांची आई, ॲग्नेस, अजून दर रविवारी
मला सहा अंडी पाठवते, भुशात घालून.
मी टोपली धुऊन परत करतो.

आता काळ्या खोडांना बुंध्यापासून पालवी फुटलीय,
दाट, केसाळ, जरा ओंगळच.
नवं फाटक मी बसवलं. बिजागऱ्यांना तेल दिलं.
कडी लावली नाही.
रात्रभर वाऱ्याने आपटत राहतं.
मालक सकाळी म्हणतात, अरे, बांध ते एकदाचं.
मी हो म्हणतो.